दोन पोटांचा घेर

४ मार्च

एकोणीस टक्के.

लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी आकडा कागदावर लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. माझ्या लिव्हरमध्ये एवढी चरबी आहे. बाबांना त्यातला तुकडा द्यायचा तर ती दहाच्या खाली यायला हवी.

"दहा आठवडे," त्या म्हणाल्या. "त्यापुढे त्यांचं शरीर ऑपरेशन पेलेल असं मला वाटत नाही."

मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळण्यासाठी एक यादी असते. तिच्यात बाबांचा नंबर आहे, पण यादी सरकत नाही. दादाचा रक्तगट जुळत नाही. आईला मधुमेह. माझा गट जुळतो, वय सत्तावीस, बाकी सगळं ठणठणीत. आड येतंय ते पोट.

मी विचारलं, "मधल्या काळात मोजायचं कशाने? दर आठवड्याला स्कॅन?"

"स्कॅन एकदाच, शेवटी. तोवर वजन आणि पोटाचा घेर. पोटावरची चरबी उतरली की लिव्हरमधलीही उतरते. बहुतेक."

बहुतेक! हा शब्द आमच्या प्रयोगशाळेत कुणी अहवालात लिहिला तर तो अहवाल तोंडावर परत येतो.

टॅक्सीत बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "एकोणीस टक्के! शाळेत एवढे कमी कधी पाडले नव्हतेस." आई रडत होती, ती रडता रडता हसली. मी कागदाची घडी घातली. चार घड्या, कडा जुळवून.

५ मार्च

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ. माझ्याहून लहान असतील, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. साखर बंद, तळलेलं बंद, मैदा बंद. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, भात मूठभर, रोज अंडी नाहीतर मासे नाहीतर डाळ. पाऊण तास भरभर चालायचं. "बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढं भरभर." आठवड्यातून तीनदा वजनं उचलायची. आणि सात तास झोप.

मी म्हटलं, पोटाचे व्यायाम?

"पोटाचे व्यायाम करून पोट जात नाही. चरबी सगळीकडून निघते आणि पोटाला सगळ्यात शेवटी सोडते. उपाशी राहायचं नाही. पट्टे बांधायचे नाहीत. चूर्णं नकोत. घाई नको."

दहा आठवडे, आणि घाई नको.

६ मार्च

सकाळी सहा. काही खाण्यापिण्याआधी. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, तीन वेळा, मग सरासरी. आईच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप घेतली आहे.

बाबांचंही रोज मोजायला सांगितलंय. लिव्हर काम करेनासं झालं की पोटात पाणी साठतं. हातपाय काड्या आणि पोट नगारा. ते वाढलं की हॉस्पिटलला कळवायचं. म्हणून वहीत दोन रकाने पाडले.

मी ९४.२. बाबा १०१.५.

बाबांनी वहीत डोकावून पाहिलं. "शर्यत लागली म्हणायची आपली."

"बाबा, तुम्हाला हरायचंय की जिंकायचंय?"

"चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना वर पोचवत आलो. आता माझी पाळी, एवढंच."

"जीभ झडो तुमची," आई आतून.

९ मार्च

भूक. दुसरं काही नाही.

१२ मार्च

प्रयोगशाळेत कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं नाही. आमच्याकडे कारखान्यांची मापनयंत्रं येतात. ती खरं बोलतात का ते आम्ही तपासतो, आणि तसं प्रमाणपत्र देतो. माणसांबद्दल तिथे कुणी काही विचारत नाही, हे मला त्या जागेचं सगळ्यात आवडतं. आवडायचं.

शेजारच्या टेबलावर मायक्रॉन बसतो. मिलिमीटरचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला तरी त्याला जेवण जात नाही, म्हणून हे नाव. आज त्याने माझ्या डब्यात मान घातली. "काकडी, काकडी, आणि — अरे वा! — काकडी."

साहेब जाता जाता थांबले. "लग्न ठरलं वाटतं मॅडमचं?"

"हो."

"अरे! कधी?"

"दहाच्या खाली आलं की."

मी यंत्राचा दिवा लावला आणि खाली मान घातली.

१९ मार्च

मी ९२.१. दोन आठवड्यांत दोन सेंटिमीटर! बाबा १०३.०.

आईने आकडा दादाला फोन करून सांगितला. दादा दुसऱ्या शहरात असतो. त्याचा रोज एकच प्रश्न, "आज किती?" मी बरी आहे का, हे आकड्यावरून कळतं त्याला.

२३ मार्च

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. मी चौथ्यांदा जिना चढत होते, घामाघूम. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "धन्य तुझी! बापासाठी एवढं कोण करतं आजकाल?" आईने सगळ्या इमारतीत सांगितलंय तर. मग आवाज खाली आणून, "जरा जास्तच घेत होते का गं ते?"

बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तरुणपणीच्या काविळीने लिव्हर आतल्या आत खात आणलं. हे मी चौथ्यांदा सांगितलं. त्या चौथ्यांदा "अगंबाई" म्हणाल्या.

२६ मार्च

मी ८९.९. नव्वदच्या खाली!

पण वजन फक्त एक किलो शंभर ग्रॅमने उतरलंय. चार सेंटिमीटर आणि एक किलो — हे गणित जुळत नाही.

२७ मार्च

टेप प्रयोगशाळेत नेली.

मायक्रॉनला म्हटलं, घरची आहे, सहज तपास. त्याने ती पोलादी पट्टीशेजारी लावली. टेप जुनी, ताणलेली. मीटरमागे सहा मिलिमीटर कमी दाखवते. मी म्हटलं, असू दे, चूक रोज सारखीच असेल तर फरक बरोबरच येणार.

"सारखी असेल तर," तो म्हणाला. "ओढतेस किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय विचारतेस? टेप किती ताणाखाली मोजायची ते ठरवायला नको? कापड आहे. पोट पण मऊच असणार, कुणाचंही असो." त्याने टेपच्या टोकाला छोटा स्प्रिंगकाटा अडकवला, गुंडाळलेल्या फोमच्या लादीभोवती टेप फिरवली आणि मला म्हणाला, "रोज ओढतेस तशी ओढ."

मी ओढली. काटा सव्वा किलोवर गेला.

"पहिल्या दिवशी एवढीच ओढली होतीस?"

पहिल्या दिवशी मी ती नुसती टेकवली होती. हे हाताला आठवत होतं. रोज थोडी जास्त, रोज थोडी जास्त, आणि मला कळलंही नाही. मी! दुसऱ्यांची मापं खरी की खोटी ते ठरवण्याचं मला शिक्षण आहे. कारखान्याचा कुणी असं माप घेऊन आला असता तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

स्प्रिंगकाटा घरी आणला. आता दोनशे ग्रॅमच्या ताणाखाली मोजायचं, रोज तेवढंच.

खरं माप ९३.०. म्हणजे तीन आठवड्यांत एक सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर.

जुन्या नोंदी खोडलेल्या नाहीत. आमच्याकडे खोडत नाहीत. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही.

बाबांचंही नीट मोजलं. १०४.६.

२८ मार्च

दादाला सांगितलं. त्याने आकडा पुन्हा विचारला. मग, "म्हणजे तीन आठवडे गेले?"

गेले.

३१ मार्च

आहारतज्ज्ञांचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. सकाळी कॉफी, दुपारी दोन अंडी, संपलं. दोन वेळा चालायचं. "घाई नको" म्हणायला काय जातं त्यांचं! त्यांच्या घरात कुणाचं पोट फुगत नाहीये.

३ एप्रिल

वजन उतरतंय. हात थरथरतात. आज एक यंत्र पाच वेळा तपासावं लागलं, कारण पाचही वेळा वेगळं आलं. यंत्र चांगलं होतं.

६ एप्रिल

तिसऱ्या मजल्यावर पडले. पायऱ्या एकदम उजेडात विरघळल्या, आणि डोळे उघडले तर काकूंची पायपुसणी गालाखाली. त्यांनी साखरेचं पाणी पाजलं. मी प्यायले. गोड होतं, एवढंच आठवतं. एवढं गोड मी कधी प्यायले नसेन.

दुपारी आहारतज्ज्ञ. रक्ततपासणी बघून त्यांनी चष्मा काढला.

"साडेतीन किलो उतरवलंत सहा दिवसांत. शाबासकी हवी असेल. नाही मिळणार. यातलं बरंचसं पाणी आहे, थोडे स्नायू आहेत. चरबी कुठेय? उपाशी माणसाचं लिव्हर सुधारत नाही, कधी कधी बिघडतं. दाता आहात तुम्ही. तुमचं लिव्हर आता तुमच्या एकटीचं नाही."

शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मी ते घेऊन घरी आले.

परत ड्रॉवरमधला कागद. अर्धं ताट भाज्या, मूठभर भात, डाळ, मासा. आई समोर बसून प्रत्येक घास मोजत होती. लहानपणी मला "पोट आत घे, फोटो काढतायत" म्हणायची. आता म्हणत नाही. नुसतं बघते. सगळेच बघतात, तोंडाकडे नाही, त्याच्या खाली.

१० एप्रिल

दुपारी लवकर घरी आले तर बाबा कपाटासमोर उभे. हात खाली, पाय जुळवलेले, नजर कपाटाच्या वरच्या कडेवर.

"बाबा, काय करताय?"

"लिफ्ट येतेय. बटण दाबलंय मी."

त्यांनी कपाटाच्या दाराला कान लावला. कामावर असताना लावायचे तसाच. "ब्रेक घासतोय. ऐक. कुणीतरी अडकेल यात."

आई मागे ओढणीचं टोक तोंडात धरून उभी. हे होऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं — लिव्हर रक्तातलं विष काढेनासं झालं की ते डोक्यात चढतं. सांगितलेलं असणं आणि दिसणं यात किती अंतर आहे, त्याचं एकक माझ्याकडे नाही.

मी शेजारी उभी राहिले. म्हटलं, "जिन्याने जाऊ, बाबा." ते म्हणाले, "तू जा, तुला व्यायाम आहे ना."

म्हणजे तेवढं आठवत होतं.

११ एप्रिल

बाबा हॉस्पिटलमध्ये. पोटातून सुईने साडेसहा लिटर पाणी काढलं. घेर एका दिवसात १०८.२ वरून ९७.५.

शुद्धीवर आले, सगळ्यांना ओळखलं. वहीतला आकडा दाखवला तर म्हणाले, "जिंकलो की मी!"

नर्सबाई हसल्या. मीही.

१५ एप्रिल

सर्जनशी भेट. दात्याला सगळं समजावून सांगायचा नियम आहे. त्यांनी कागदावर लिव्हर काढलं आणि मधून रेघ मारली. उजवा भाग जाणार — साठ टक्के. उरलेलं दोन-तीन महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होतं. पोटावर काप इथून इथपर्यंत. त्यांनी बोट स्वतःच्या शर्टावरून फिरवलं, उजव्या बरगडीखालून मध्यापर्यंत आणि मग वर.

मी विचारलं, "दाता दगावण्याचं प्रमाण?"

आई म्हणाली, "अगं, काय विचारतेस!"

सर्जन म्हणाले, "विचारू दे. पाचशेत एक, काही ठिकाणी दोनशेत एक."

आईने लगेच, "म्हणजे काहीच नाही."

दोनशेत एक. आमच्याकडे दोनशे वेळा मोजून एकदा चुकणारं यंत्र पास होतं की नाही, ते कशाचं माप घेतं त्यावर ठरतं.

१८ एप्रिल

मी ९०.४. दोनशे ग्रॅम ताण. खरं माप. बाबा घरी आलेत, ९९.१, परत भरतंय.

२२ एप्रिल

व्यायाम आता अंगवळणी पडला आहे. पहाटे चालून येते, जिना सहा वेळा, संध्याकाळी एक दिवसाआड वजनं. भूक लागते, पण ओरडत नाही. साखर नको वाटते. झोप लागते. चेहरा उतरला म्हणून ऑफिसात "छान दिसतेस" म्हणतात. हे सगळं स्वतःसाठी केलं असतं तर आनंद झाला असता का? पाच वर्षं हे पोट होतं आणि मी एकदाही जिना चढले नाही.

२९ एप्रिल

आज घेर काल होता त्यापेक्षा ०.४ ने जास्त आला.

मला बरं वाटलं.

नोंद खोडायची नाही हा नियम आहे, म्हणून राहू देते.

३० एप्रिल

८८.९. कालचं काहीतरी पोटातल्या गॅसबिसचं असणार. आईने आकडा ऐकून माझी दृष्ट काढावी तसा चेहऱ्यावरून हात फिरवला. "माझी गुणाची पोर."

मी टेप घट्ट गुंडाळून डब्यात ठेवली.

४ मे

दादा आला आहे. येताना माझ्यासाठी बूट आणले, चालायचे. चांगले आहेत, माप अचूक. माझ्या पायाचं माप त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

जेवताना म्हणाला, "रक्तगट जुळला असता ना, तर मी तुला यात पडूच दिलं नसतं."

खरंच म्हणत होता. त्याला ते म्हणता येतं. त्याचा जुळत नाही.

मी मान हलवली. काकडी संपवली.

९ मे

स्कॅन. बोगद्यात वीस मिनिटं. "श्वास घ्या. सोडा. धरा." धरला. यंत्राचा आवाज ऐकताना वाटलं, हे कुणी तपासलंय का शेवटचं, प्रमाणपत्र कधीचं आहे? चुकीचं असावं असं वाटलं. कुठल्या बाजूने चुकीचं, ते स्वतःलाही सांगितलं नाही.

१२ मे

सात टक्के.

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या. "दहा आठवड्यांत! मी हे उदाहरण बाकीच्यांना सांगणार आहे." दात्याचा अहवाल फक्त दात्यालाच देतात, त्यामुळे आई आणि दादा बाहेर होते. माझ्या ओळखीचं पोट गेलं होतं. ८७.३. बाबा १०५.०.

मग म्हणाल्या, "आता एकच पायरी. शेजारच्या खोलीत एक बाई आहेत. त्या आमच्या टीममध्ये नाहीत, बाबांच्याही बाजूच्या नाहीत. फक्त तुमच्या."

पांढऱ्या केसांची बाई. समोर फाइल होती, पण मिटलेली. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "तुम्हाला द्यायचं आहे का?"

"सात टक्के आहे."

"ते मी वाचलंय. द्यायचं आहे का?"

"रक्तगट जुळतो."

"तेही वाचलं."

माझ्याकडे सगळे आकडे होते आणि त्यातला एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हता. दहा आठवड्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. पोट उतरलं की प्रश्न सुटला, अशी मांडणीच होती सगळ्यांची, आणि मी मांडणी तपासली नाही. टेप तपासली.

त्या सावकाश बोलल्या. "हो म्हटलंत तर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. नाही म्हटलंत तर बाहेर एवढंच सांगितलं जातं — दाता म्हणून योग्य नाहीत. कारण कुणालाही देत नाहीत. आईवडिलांनाही नाही. कधीच नाही."

"ते खोटं होईल."

"नाही होत. ज्याला द्यायचं नाही तो योग्य नाहीच." मग म्हणाल्या, "चार दिवस घ्या."

बाहेर आले. आई, दादा, दोघे उभे राहिले. "किती?"

"अजून आला नाही अहवाल."

माझ्या तोंडून आयुष्यातला पहिला खोटा आकडा. म्हणजे आकडाही नाही, त्याची जागा.

१३ मे

दिवसभर बाबांच्या खोलीत बसले. त्यांच्या पावलांवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि भरायला बराच वेळ लागतो. मी घड्याळ लावून पाहिलं. मग घड्याळ उलटं ठेवलं.

ते बोलत होते. "बरा झालो ना की आधी तुझ्या प्रयोगशाळेतली लिफ्ट बघायला येतो. हिसका देते म्हणतेस ना? दोरांचा ताण सारखा नसणार. पाच मिनिटांचं काम."

"या," मी म्हटलं.

"तुझ्या साहेबांना आवडेल का?"

"आवडेल."

मी कारण शोधतेय. कधी मारलं असतं, प्यायले असते, दादावर जास्त जीव असता, शिकू नको म्हणाले असते — काहीतरी पुरलं असतं. एकही नाही. जिन्यात बसून मी अभ्यास करायचे तेव्हा, दिवा बंद पडला म्हणून शिडी घेऊन आलेला माणूस आहे हा.

१४ मे

अंघोळीला गेल्यावर पोटावरून हात फिरवला. उजव्या बरगडीखालून मध्यापर्यंत, मग वर. आता तिथे स्नायू लागतात हाताला. मेहनतीचं पोट आहे. माझं आहे.

मला भीती वाटते. त्याच्यामागे दुसरं काही नाही. मोठं काही असेल म्हणून खोदत गेले, तळाशी एवढंच निघालं. टेबलावर निजायची भीती, उठलेच नाही तर याची भीती. पाचशे दात्यांपैकी चारशे नव्व्याण्णव जण उठून घरी जातात, आणि मला त्या एकाचा चेहरा दिसतो. माझाच असतो.

या एका वाक्यासाठी दहा आठवडे लागले.

१५ मे

बाबा सकाळी पुन्हा कपाटासमोर. या वेळी आईने त्यांना हाताला धरून आणलं. आई भिंतीला टेकून म्हणाली, "अहवाल आला की लगेच करतील ना गं?"

ठरलं. उद्या हो म्हणायचं.

१६ मे

नाही म्हटलं.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा तेच आलं, जास्त स्पष्ट. त्यांनी फाइल उघडलीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, दाता म्हणून योग्य नाहीत. माझ्याकडे बघितलं नाही. आई बाकावर बसली. "पोट नाहीच गेलं ना शेवटी," म्हणाली, आणि मला जवळ घेतलं. "तू तरी काय करणार. केलंस तेवढं कुणी केलं नसतं." दादाने डोळे पुसले आणि म्हणाला, स्वतःला दोष देऊ नकोस.

घरी बाबा भिंत धरून स्वयंपाकघरात आले. कुणाला हात लावू दिला नाही. माझं ताट स्वतः वाढलं — भाताचा ढीग, वर लोण्याचा गोळा.

"दहा आठवडे उपाशी ठेवलं पोरीला माझ्यापायी. आता पोटभर जेव बघू."

जेवले. पुन्हा वाढून घेतलं.